पुण्याच्या बुधवार पेठेतलं जिन्यावरचं कॉम्प्युटर रिपेअर दुकान: एसएमपीएस बदलल्यावर बंद पडलेला पीसी आणि वाचलेली हार्डडिस्क

पीसी चालूच होत नाहीये आणि कुणी नीट न तपासताच मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं असेल तर पैसे द्यायच्या आधी एकदा इथे आणून दाखवा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते खाली लिहिलंय. रिव्ह्यू लांबलाय पण मुद्दाम सगळं लिहितेय, कारण माझ्याकडून जी चूक झाली ती कुणाकडूनही होऊ शकते आणि होताना अजिबात कळत नाही, प्लग बरोबर बसतो, खट्कन लॉक पण होतो आणि तरी चुकलेलं असतं.

माझं घरूनच डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम आहे, वीस वर्षं होत आली. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, संस्थांची मासिकं आणि गणपती झाले की दिवाळी अंक. यंदा एका अंकाची २०८ पानं माझ्याकडे होती, त्यातली १४० लावून झालेली. पीसी जुनाच, पण काम करत होता, फक्त दोन महिन्यांपासून मोठी पीडीएफ एक्स्पोर्ट करताना मधेच आपोआप रीस्टार्ट व्हायचा. रॅम बदलून पाहिली, काही फरक नाही. एसएमपीएस (पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) सात वर्षांचा झालेला, त्याचा पंखा पण घरघर करायला लागलेला, म्हणून तोच बदलायचा ठरवलं. नवीन घेतला तो मॉड्युलर, म्हणजे ज्याच्या सगळ्या वायरी डब्यापासून सुट्या होतात आणि लागतील तेवढ्याच लावायच्या. जुना पण मॉड्युलरच होता, पण वेगळ्या कंपनीचा.

आता चूक कुठे झाली बघा. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला हार्डडिस्क आणि एसएसडीला (फिरता भाग नसलेली, चिपांची डिस्क, माझं विंडोज तिच्यावर होतं) जाणारी पॉवरची केबल मी सात वर्षांपूर्वी टाय मारून मारून नीट बांधून ठेवली होती. ती सगळी सोडवायची, ट्रे काढायचा, परत बांधायची... मला वाटलं केबल तर चांगली आहे, दोन्ही टोकांचे प्लग तेच दिसतायत, डब्याकडचा सहा पिनांचा प्लग नवीन एसएमपीएसमध्ये पण आरामात बसला. मग मदरबोर्डची मोठी २४ पिनवाली आणि प्रोसेसरची ८ पिनवाली तेवढी नवीन लावली आणि ड्राइव्हची जुनीच ठेवली. रात्रीचे साडेदहा वाजलेले. बटण दाबलं, पंखा अर्धा फेरा फिरला, टक् असा बारीक आवाज आला आणि बंद. परत दाबलं तर काहीच नाही. मागचं बटण बंद करून थोड्या वेळाने चालू केलं की परत तेच, अर्धा फेरा आणि टक्.

त्या रात्री दीड वाजेपर्यंत मी जे जे माहीत होतं ते सगळं केलं. प्लग काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, रॅम काढून कॉन्टॅक्ट खोडरबराने पुसले, एकेक रॅम वेगवेगळ्या स्लॉटला लावली, ग्राफिक कार्ड काढलं, मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल काढून दहा मिनिटांनी परत बसवला, समोरच्या बटणाच्या दोन पिना बरोबर आहेत का ते मॅन्युअलमध्ये बघितलं. मदरबोर्डवरचा छोटा हिरवा दिवा लागत होता म्हणून मला वाटत होतं करंट तर येतोय. (हा दिवा फसवा आहे हे नंतर कळलं. पीसी बंद असताना पण एसएमपीएस एक ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन चालू ठेवतो, जांभळी वायर, दिवा त्याच्यावर लागतो, बाकीच्या लाइन धड आहेत का याचा त्याच्याशी संबंध नाही.) एकच गोष्ट मी केली नाही, ती म्हणजे हार्डडिस्क आणि एसएसडीची पॉवर काढून बघितलं नाही. माझ्या डोक्यात होतं की ड्राइव्ह बिघडली तर विंडोज येणार नाही, पण मशीन निदान चालू तरी होईलच की. हा समज चुकीचा होता आणि तिथेच सगळं अडलं होतं.

सकाळी घराजवळ एकाकडे नेला. त्याने बटण दाबून बघितलं, दुसरा एसएमपीएस फक्त मदरबोर्डला लावायच्या ऐवजी माझाच परत परत चालू केला आणि पाच मिनिटांत म्हणाला मॅडम बोर्ड गेलाय, या बोर्डचं मॉडेल आता मिळत नाही, बोर्ड प्रोसेसर रॅम असा सेटच घ्यावा लागेल, सतरा हजार धरा. मी विचारलं, माझा डेटा? तो म्हणाला हार्डडिस्क नवीन सेटला लावून देतो. आज विचार केला तरी पोटात गोळा येतो, कारण ती शॉर्ट झालेली हार्डडिस्क (कशी ते पुढे लिहिलंय) त्याने नवीन सेटला लावली असती तर तो सेट पण चालू झाला नसता आणि मग अजून काय काय बदलायला सांगितलं असतं देव जाणे.

माझ्या प्रिंटिंग प्रेसवाल्यांनी या दुकानाचा पत्ता दिला. तपकीर गल्लीच्या जवळ, जुन्या इमारतीत लाकडी जिना चढून पहिल्या मजल्यावर, खाली सगळी इलेक्ट्रिकची दुकानं. नवरात्राचे दिवस होते, तांबड्या जोगेश्वरीला दर्शनाची रांग, गाडी आत नेण्याचा प्रश्नच नव्हता. मंडईच्या पार्किंगला गाडी लावून कॅबिनेट हातात धरून चालत गेले, आणि सांगते, दहा किलोचं कॅबिनेट घेऊन त्या गर्दीतून चालणं सोपं नाही, कुणाला तरी सोबत न्या किंवा खाली उभं राहून फोन करा, दुकानातला मुलगा येऊन वर नेतो. हे मला परत जाताना कळलं.

दुकान म्हणजे एक खोली. भिंतीला फळ्या, त्यावर डबे, प्रत्येक डब्यावर मराठीत चिठ्ठी. दुकान चालवणारे काका साठीच्या आसपासचे असतील. त्यांनी मशीन हातात घ्यायच्या आधी पहिला प्रश्न विचारला, "ताई, बंद पडायच्या आधी शेवटी काय बदललंत?" मी सांगितलं एसएमपीएस. "वायरी कुठल्या लावल्या, डब्यातल्या का जुन्या?" मी म्हणाले मोठ्या दोन नवीन, ड्राइव्हची जुनीच. काका दोन सेकंद गप्प बसले आणि म्हणाले, "मशीनला लाइट लावू नका आता. आधी उघडून बघू." बटण त्यांनी एकदा पण दाबलं नाही. मला तिथेच विश्वास वाटला.

मग त्यांनी जे केलं ते सगळं माझ्यासमोर केलं. आधी ड्राइव्हची केबल दोन्हीकडून काढली आणि बाजूला ठेवली. एसएमपीएस पूर्ण सुटा करून २४ पिनवाल्या प्लगमध्ये हिरव्या वायरची पिन आणि शेजारची काळ्या वायरची पिन एका तारेने जोडली, म्हणजे एसएमपीएस बोर्डशिवाय चालू होतो. माझ्या नवीन एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्याच असल्यामुळे रंगावरून काही कळत नव्हतं, त्यांनी पिना मोजून लावलं. मल्टीमीटरवर रीडिंग मला दाखवलं, १२ च्या जागी १२.१, ५ च्या जागी ५.०४, ३.३ च्या जागी ३.३३. पाच टक्के इकडेतिकडे चालतं म्हणाले, म्हणजे १२ ची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी. एसएमपीएस एकदम ठणठणीत. मग तो बोर्डला लावला, ड्राइव्ह न लावता, माझ्या मॉनिटरची केबल लावली आणि बटण दाबायला मला सांगितलं. पंखा फिरला, फिरतच राहिला, आणि स्क्रीनवर बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी येणारी बोर्डची स्वतःची स्क्रीन, आलं. सतरा हजारांचा गेलेला बोर्ड तो! मला खरंच रडू आलं तिथे. काकांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाले, "बोर्ड वाचलाय, पण डिस्कचं अजून बोलू नका."

इथे ते समजावून सांगायला बसले आणि हे मी शब्द न शब्द लक्षात ठेवलंय. कागदावर दोन चौकोन काढले, प्रत्येकात सहा भोकं, एक जुन्या एसएमपीएसचं सॉकेट आणि एक नवीन. सॉकेटचा आकार सारखा. पण कुठल्या भोकात किती व्होल्ट द्यायचे हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, त्याला काही स्टँडर्ड नाही, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये पण फरक असू शकतो. ठरलेलं असतं ते ड्राइव्हच्या बाजूचं. तिथल्या १५ पिनांमध्ये पहिल्या तीन ३.३ व्होल्टच्या, मग तीन ग्राउंड (करंट परत जायच्या), मग तीन ५ व्होल्टच्या, परत तीन ग्राउंड आणि शेवटच्या तीन १२ च्या. म्हणजे केबलचं एक टोक सगळ्या जगात सारखं आणि दुसरं टोक ज्याचं त्याचं. त्यांनी मीटर बीपवर ठेवून (दोन टोकं आतून थेट जोडलेली असली की तो बीप करतो) माझ्या जुन्या केबलची एकेक वायर तपासली आणि कागदावर रेघा ओढल्या. नवीन एसएमपीएसचा १२ व्होल्ट या केबलमधून थेट ड्राइव्हच्या ५ व्होल्टच्या पिनांवर जात होता. २.५ इंची साटा एसएसडी तर नुसती ५ व्होल्टवरच चालते, तिला बारा मिळाले.

मग मशीन का चालू होत नव्हतं? हार्डडिस्कच्या खालच्या हिरव्या पट्टीवर, पॉवरच्या प्लगजवळ, दोन बारीक काळे डायोड असतात, टीव्हीएस म्हणतात त्यांना. एक ५ च्या लाइनवर, एक १२ च्या. व्होल्टेज प्रमाणाबाहेर वाढलं की तो डायोड जास्तीचा करंट स्वतःवर घेऊन ग्राउंडला सोडतो, आणि फारच झालं तर स्वतः कायमचा शॉर्ट होतो, पण पुढचं सर्किट वाचवतो. तो शॉर्ट झाला की एसएमपीएसला दिसतं की लाइन थेट ग्राउंडला चिकटली आहे, म्हणून तो स्वतःला बंद करतो. तो टक् आवाज म्हणजे हेच. एक ड्राइव्ह शॉर्ट असली की सगळं मशीन मेल्यासारखं दिसतं, आणि बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळे चांगले असतात. काकांनी हार्डडिस्कच्या ५ च्या पिनेला आणि ग्राउंडला मीटर लावला तर लांबलचक बीप. १२ च्या पिनेला बीप नाही.

मी मधेच विचारलं की सेम मॉडेलची जुनी हार्डडिस्क ऑनलाइन घेऊन तिची पट्टी याला लावली तर? मी कुठेतरी पाहिलं होतं. काका म्हणाले पूर्वी चालायचं, आता प्रत्येक डिस्कची स्वतःची मोजमापं तिच्या पट्टीवरच्या चिपमध्ये साठवलेली असतात, ती चिप काढून दुसऱ्या पट्टीवर बसवल्याशिवाय डिस्क नीट वाचली जात नाही, आणि आपल्याला त्याची गरज पण पडू नये.

पट्टी डिस्कपासून सोडवली, हॉट एअर गनने तो डायोड गरम करून चिमट्याने उचलला, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा. तो काढल्यावर मीटर परत लावला, बीप नाही. काकांनी मला तेव्हाच स्पष्ट सांगितलं की ताई आता ही डिस्क चालेल असं वाटतंय पण हिला संरक्षण राहिलेलं नाही, हिच्यावर काम करायचं नाही, फक्त डेटा काढून घ्यायचा आणि बाजूला ठेवायची. आणि मागचा पुढचा बॅकअप आहे का विचारलं. माझा शेवटचा बॅकअप जूनमधला होता. त्यांनी काही लेक्चर दिलं नाही.

त्यांच्या टेबलवरच्या मशीनला डिस्क लावली. आधी काहीच नाही, मग ती ओळखीची घूं घूं सुरू झाली आणि स्क्रीनवर माझे फोल्डर एकेक करून दिसायला लागले, "दिवाळी अंक अंतिम", त्याच्या आत "अंतिम २". ४३० जीबी होता सगळा मिळून. मोठ्या फाइल भरभर गेल्या पण माझ्याकडे वीस वर्षांच्या हजारो बारीक बारीक फाइल, त्यामुळे साडेचार तास लागले. मी तेवढा वेळ एका स्टुलावर बसून होते, घरी जा म्हणाले तरी उठले नाही. सगळ्यात आधी त्यांनी विचारलं की कुठलं फोल्डर सगळ्यात महत्त्वाचं आहे, तेच पहिलं कॉपीला लावलं, म्हणजे मधेच डिस्कने मान टाकली असती तरी अंक हातात असता. एवढा विचार करणारा माणूस मी रिपेअरच्या धंद्यात फार कमी बघितलाय.

एसएसडी मात्र गेली. तिच्या पॉवरच्या चिपवर भाजल्याचा डाग होता, जवळ नेली तर वास पण येत होता. काकांनी एक दिवस ठेवून घेतली, प्रयत्न केला आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणून सांगितलं. हार्डडिस्कसारखं नाही, एसएसडीत आतल्या मेमरी चिपा काढून वाचल्या तरी कंट्रोलरशिवाय (तिला चालवणाऱ्या मुख्य चिपशिवाय) तो डेटा विस्कटलेला असतो, आणि बऱ्याचदा एन्क्रिप्ट केलेला पण. तिच्यावर माझं विंडोज, सॉफ्टवेअर आणि फॉन्ट होते. एसएसडी वॉरंटीत होती, मी विचारलं कंपनीत पाठवू का, तर म्हणाले पाठवा, पण काय झालं ते खरं लिहून पाठवा, जळालेली चिप त्यांना दिसणारच आहे, आणि डेटा तसाही परत येत नाही. मी पाठवली नाही. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं कुलूप म्हणजे डोंगल सुदैवाने यूएसबीला बाहेर होतं, त्याला काही झालं नाही, नाहीतर जुन्या फाइल उघडताच आल्या नसत्या. ज्यांना डीटीपी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या जुन्या फाइल युनिकोडमध्ये नाहीत, ज्या फॉन्टमध्ये टाइप केलंय तो फॉन्ट नसेल तर पानावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. नवीन एसएसडीवर विंडोज टाकून, फॉन्ट बसवून, जुनी चार पानं उघडून जोडाक्षरं बरोबर दिसतायत का ते बघेपर्यंत काका थांबले. बाकीचं सेटिंग मला घरी करायला दोन दिवस गेले.

बिल सांगते म्हणजे अंदाज येईल. तपासणीचे ३००, डायोड काढून डेटा कॉपी करायचे १२००, विंडोज आणि बाकीची जोडणी ५००, नवीन एसएसडी आणि डेटासाठी नवीन हार्डडिस्क यांचे वेगळे, ते बाजारभावानेच लावले, मी दुसरीकडे विचारून खात्री केली. मजुरी एकूण २०००. डेटा रिकव्हरीच्या नावाखाली लोक काय काय मागतात हे मला माहीत आहे, वीस हजार मागितले असते तरी त्या दिवशी मी दिले असते, आणि काकांना ते माझ्या तोंडावर दिसत होतंच. तरी १२०० च घेतले.

आता अर्धा तारा का कापला. एक तर आधी अंदाज लिहून देत नाहीत, तोंडी सांगतात, तो शेवटी बरोबरच निघाला पण नवीन माणसाला धाकधूक राहते. जीएसटी बिल दोनदा मागावं लागलं. फोन दर वेळी उचलत नाहीत, एसएसडीचं काय झालं विचारायला चार वेळा लावला, शेवटी मी मेट्रोने मंडई स्टेशनला उतरून चालत गेले. बसायला एकच स्टूल आहे. आणि जिना फार उभा आहे, गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी वर जायचा प्रयत्न करू नये, खालूनच मुलाला बोलवा.

त्या मुलाबद्दल पण लिहायचंय. वीस बावीसचा असेल. त्याने माझ्या नवीन एसएमपीएसच्या सगळ्या केबल बाहेर काढून प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना पांढरी पट्टी चिकटवली आणि त्यावर पेनने मॉडेलचं नाव लिहिलं, कुणी सांगितलेलं नसताना. जुन्या केबली वेगळ्या पिशवीत बांधून त्यावर "या एसएमपीएसला लावू नये" असं मोठ्या अक्षरात लिहून दिलं. ती पिशवी मी फेकणार होते, तर म्हणाला ताई जुना एसएमपीएस कुणाला दिलात तर त्याच्याबरोबरच द्या, नाहीतर तुमच्यासारखंच त्यांचं होईल. जुना एसएमपीएस मी दुकानातच दिला, केबलींसकट.

जाणार असाल तर एसएमपीएस ज्या खोक्यात आला ते खोकं, त्यातल्या न वापरलेल्या केबल, आणि तुम्ही ज्या काढल्या त्या जुन्या केबल, सगळं बरोबर न्या. नुसतं कॅबिनेट नेलं तर काका परत पाठवतात, माझ्यासमोर एकाला पाठवलं. आणि घरून निघायच्या आधी परत परत बटण दाबून बघू नका. काका म्हणाले प्रत्येक वेळी तो एक क्षण का होईना चुकीचं व्होल्टेज ड्राइव्हवर जातंच, मी रात्रभरात वीस पंचवीस वेळा दाबलं होतं, एसएसडी पहिल्याच वेळेला गेली का विसाव्या वेळेला ते आता कळायला मार्ग नाही.

सकाळी अकरा ते दीड आणि संध्याकाळी साडेचार ते साडेआठ उघडं असतं, रविवारी बंद. युपीआय चालतं, कार्ड चालत नाही. शनिवारी संध्याकाळी खाली फार गर्दी असते, शक्यतो सकाळी अकरालाच जा, काका तेव्हा एकटे असतात आणि नीट बोलायला वेळ देतात.